नवी कोंबडी, जुनं खुराडं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या परसात आधीच पाच-सहा कोंबड्या सुखाने नांदत आहेत आणि तरीही ज्यांना आणखी दोन-तीन आणायची बुद्धी झाली आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्याकडे अजून एकही कोंबडी नाही, त्यांनी सगळ्या कोंबड्या एकाच दिवशी आणाव्यात आणि पुढचं वाचायचे कष्ट वाचवावेत. पण तसं कुणी करत नाही. आधी सहा आणतात, दोन मुंगूस नेतं, एक खुडूक बसते, अंड्यांचा हिशेब जमेनासा होतो, आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी माणूस पिशवी शोधू लागतो.

निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्या. परसाचे मालक आपण, हा समज फक्त आपला असतो. सातबारा तुमच्या नावावर असेल, पण खुराड्याचा कारभार वेगळा चालतो. कणीच्या ताटलीला पहिली चोच कुणी लावायची, दांडीवर भिंतीकडची जागा कुणाची, राखेच्या खड्ड्यात आधी कोण लोळणार, हे तिथे कधीच ठरून गेलेलं आहे. नॉर्वेचे थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसायचे. त्यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हे शास्त्रात मांडलं : कळपात कुणी कुणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. पहिली सगळ्यांना टोचते, तिला कुणीच नाही; शेवटची सगळ्यांचं टोचून घेते. मधे कधीकधी तिढाही असतो, म्हणजे काळी तांबडीला टोचते, तांबडी ठिपकेवालीला, आणि ठिपकेवाली पुन्हा काळीला. आपल्याकडे हे गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतं, पण तिला प्रबंध लिही म्हणून कुणी सांगितलं नाही.

तुम्ही नवी कोंबडी सोडता तेव्हा या क्रमात एक नाव वाढत नाही, तर सगळा क्रम पहिल्यापासून मांडावा लागतो. तो मांडणार कोंबड्याच. तुमच्याकडे जागा, जाळी आणि सवड एवढीच खाती आहेत. न्यायखातं तुमच्याकडे नाही. हे एक जमलं की बाकी सगळं जमतं, आणि हेच सुशिक्षित माणसाला सर्वांत अवघड जातं.

पायरी पहिली : बाजारात

एकटी कोंबडी आणू नका. विकणारा सांगेल, ‘न्या, एकच उरलीय, स्वस्तात देतो.’ ती एकच का उरली याचा विचार करा. किमान दोन आणा, तीन आणल्यात तर उत्तम. मार वाटला जातो, आणि रात्री चेपून बसायला ओळखीचं अंग असतं.

रंगवलेली गुलाबी-हिरवी पिल्लं मुलांच्या हट्टापायी घेऊ नका. ती अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीतून नको म्हणून बाजूला काढलेली नर पिल्लं असतात. अंडी तर मिळत नाहीतच, पण जुन्या कोंबड्यांपुढे सोडलीत तर संध्याकाळपर्यंत मुलांना काय सांगायचं हा प्रश्न पडतो. मोठ्या कोंबड्यांत सोडायची कोंबडी अंगापिंडाने त्यांच्या बरोबरीची हवी. म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांच्या पुढची तलंग घ्या. त्याहून लहान असेल तर आधी वेगळी वाढवा.

‘अंड्यावर आलीय’ असं प्रत्येक विकणारा म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका, कोंबडी हातात घ्या. तुरा फिकट, सुकलेला असेल तर अंडं लांब आहे. शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर विकणारा खरं बोलतोय. मग पिसं उलटी फिरवून पाहा. शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी पांढरट गड्डे दिसले तर त्या लिखा आहेत आणि उवा त्यांच्या आसपासच आहेत. पायांवरचे खवले उचकटून आलेले असतील तर त्याखाली किडे आहेत. डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस आहे का पाहा. शेवटी कोंबडी कानाशी धरा. आतून खुरखुर ऐकू आली तर ती विकणाऱ्याला परत द्या आणि हात धुवा. आजूबाजूचे लोक हसतील. हसू द्या, त्यांना कोंबडी घ्यायची नाही.

जातीबद्दल थोडंच सांगतो. असील ही झुंजीची जात, तिला गरीब गावठी कोंबड्यांत सोडणं म्हणजे भांडण विकत घेणं. बाकी गिरिराज आणा, वनराज आणा, ऐपत असेल तर कडकनाथ आणा. जुन्या कोंबड्यांना जातीचं कौतुक नसतं. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी तुमच्या काळीपर्यंत पोचलेली नाही. तिच्या नजरेला एवढंच दिसतं की कुणीतरी उपरी, वेगळ्या रंगाची, आपल्या ताटलीपाशी उभी आहे.

पायरी दुसरी : लांब ठेवणे

या पायरीवर बहुतेक लोक नापास होतात, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

नवी कोंबडी घरी आली की तिला जुन्यांपासून लांब ठेवायचं. लांब म्हणजे शेजारच्या खोपटात नव्हे, तर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वारा जुन्यांकडे जाणार नाही अशा बाजूला. किती दिवस? तीन ते चार आठवडे. पाण्याचं भांडं वेगळं, खाद्याचं वेगळं. सकाळी आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, मग हात-पाय धुवायचे. नव्यांकडे जायच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच काढायच्या. २०२० साली हे सगळं आपण स्वतःच्या बाबतीत करून पाहिलं आहे, त्यामुळे पद्धत समजावत बसत नाही.

पहिला आठवडा घरातले सगळे उत्साहाने पाळतात. दुसऱ्या आठवड्यात ‘तिला तर काहीच झालेलं नाही’ असा सूर लागतो. तिसऱ्या आठवड्यात आवाराच्या त्या टोकाला पाणी घेऊन जायची पाळी कुणाची यावरून माणसांमधला क्रम नव्याने ठरू लागतो. टिकून राहा. कारण मानमोडी. इंग्रजी पुस्तकांत या रोगाला न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे कागदोपत्री राणीखेत, कारण कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२७ साली त्याची नोंद झाली. हिरवी हगवण लागते, मान पिळवटते, आणि लस नसलेलं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होतं. अंगात रोग असलेली कोंबडी पहिले काही दिवस अगदी ठणठणीत दिसते. बाजारात तिला बघून तुम्ही ‘काय तजेलदार आहे’ म्हणाला असता.

कुणाला अजूनही हा नसता सोपस्कार वाटत असेल तर नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवा. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला आणि तालुक्यातल्या पोल्ट्रीच नव्हे, तर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. परसातली कोंबडी जगाच्या बाहेर राहत नाही.

याच दिवसांत मानमोडीची लस उरकून घ्या. लहान पिल्लांना लासोटा डोळ्यात-नाकात थेंब टाकून देतात, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी टोचतात. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची येते आणि तुमच्याकडे आहेत नऊ. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फावर ठेवावी लागते. म्हणून आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी गोळा करा. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. गल्लीत वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं या निमित्ताने एकमेकांच्या कोंबड्या धरताना मी पाहिली आहेत. दुपारी पुन्हा अबोला.

पायरी तिसरी : दुरून दर्शन

आता नव्यांना जुन्यांच्या नजरेला पडू द्या, चोचीला नको. पुस्तकं यासाठी जाळीचा वेगळा कप्पा करायला सांगतात. करा, जाळी चांगलीच असते. पण आपल्याकडे हे काम बुरुडाकडचं डालगं फार पूर्वीपासून करत आलं आहे. अंगणाच्या मधोमध नवी कोंबडी डालग्याखाली ठेवायची, कुत्रं उलथवणार नाही असा दगड वर ठेवायचा आणि काठाभोवती मूठभर ज्वारी फेकायची. जुन्या येतात. आधी वाकडी मान करून एका डोळ्याने बघतात, मग दुसऱ्या डोळ्याने. एखादी फटीतून चोच घालायला जाते, आतली दोन पावलं मागे सरकते, आणि बाहेरची पुन्हा दाण्यांकडे वळते. रोज थोडा थोडा वेळ, आठवडा-दोन आठवडे असं चालू द्या. ज्या दिवशी जुन्या कोंबड्या डालग्याकडे न बघता दाणे टिपून निघून जातील, त्या दिवशी ही पायरी संपली. सावली आणि पाणी मात्र विसरू नका. एप्रिलच्या उन्हात झाकलेली कोंबडी ओळख व्हायच्या आतच जाते.

नव्या कोंबडीच्या पायाला सुतळी बांधून तिला खुंटीला अडकवायची पद्धत गावोगाव आहे. जुन्या मालकाकडे पळून जाऊ नये म्हणून बांधतात. पळून जात नाही हे खरं, पण मार खातानाही पळता येत नाही. या पद्धतीच्या मी विरुद्ध आहे.

पायरी चौथी : रात्रीचा बेत

नवशिक्याला सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे, ‘रात्री गुपचूप खुराड्यात ठेवून द्या, सकाळी उठल्यावर त्यांना वाटतं की ही आपलीच.’ यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. कोंबडी रातांधळी, अंधारात तिला भांडता येत नाही. नवीला दांडीवर दोन जुन्यांच्या मधे नव्हे, एका कडेला, तिच्या जोडीदारणीशेजारी ठेवा. दुसरा अर्धा भाग मात्र कोंबडीच्या बुद्धीचा अपमान आहे. उजाडताच तिला सगळं कळतं. आणि तोवर खुराड्याचं दार बंद असेल तर आत पळायला जागा नसते. तेव्हा रात्री ठेवायची असेल तर पहाटे दार उघडायला तुम्ही स्वतः हजर राहा. रविवारी उशिरा उठणाऱ्यांनी हा बेत शनिवारी रात्री करू नये.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष भांडण

हे होणारच. ते कसं दिसतं ते आधी सांगतो, म्हणजे हातातला चहा सांडणार नाही. काळी मान लांब करते, गळ्याभोवतीची पिसं फुलवते आणि दोन उड्यांत नवीसमोर येऊन उभी राहते. दोघी चोचीला चोच भिडवून थबकतात. नवीच्या चोचीत ज्वारीचा दाणा तसाच अडकलेला असतो, तो गिळायचीही हिंमत तिला होत नाही. मग तिची मान हळूच एका बाजूला वळते, नजर खाली जाते, ती एक पाऊल आडवं टाकते. काळी तिच्या डोक्यावर एक टोच मारते, तुऱ्याच्या मागे, सहीशिक्का केल्यासारखी, आणि निघून जाते. प्रकरण मिटलं. नवी दाणा गिळते. बहुतेक निकाल इतक्यातच लागतात, आणि ते पुढे महिनोन् महिने टिकतात.

सगळ्यात जास्त त्रास मात्र काळी देत नाही. तो देते कालपर्यंत सगळ्यांच्या तळाला असलेली ती पिसं गेलेली लंगडी. तुम्हाला वाटतं, हिने एवढं सोसलंय, ही तरी नवीला समजून घेईल. विरार लोकलला नालासोपाऱ्याला लोंबकळत चढलेला माणूस भाईंदरला दारात उभा राहून ‘आत जागा नाही’ म्हणून जो ओरडतो, तो विरारहून बसून आलेल्यांपेक्षा मोठ्याने ओरडतो. लंगडीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या खालचं मिळालेलं असतं.

इथे तुमच्यातला न्यायाधीश जागा होतो. तुम्ही काठी घेऊन धावता, नवीला उचलून घरात आणता, हळद लावता, तांदूळ भरवता आणि दोन दिवसांनी परत सोडता. झालं. ती पुन्हा पहिल्या दिवसाइतकीच उपरी, आणि सगळी भांडणं पहिल्या पानापासून. सोसणारीला बाजूला काढलं तर तिचंच नुकसान होतं. बाजूला काढायचीच असेल तर छळणारीला काढा. तीन-चार दिवस दुसरीकडे ठेवून परत आणलीत की तिची जागा कुणीतरी घेतलेली असते आणि तिलाच सगळ्यांची मर्जी सांभाळावी लागते. दिसायला हा अन्याय वाटतो, पण लागू पडतो.

एक अपवाद, आणि त्याला चर्चा नाही. रक्त दिसलं की कोंबडीला तिथून लगेच उचला. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या त्याच जागी टोचत राहतात, मग आधी न भांडणाऱ्याही येऊन टोचतात आणि जखमेचं भगदाड होतं. जखम धुवा, वर जांभळं औषध लावा. ते औषध जंतूंसाठी आहेच, पण लाल रंग झाकतं हाही त्याचा उपयोग. जखम पूर्ण सुकल्याशिवाय सोडू नका. मग डालग्यापासून पुन्हा सुरुवात. इलाज नाही.

आता तुमच्या हातात खरोखर काय आहे ते. खाद्याच्या ताटल्या दोन-तीन करा आणि एकीपाशी उभ्या कोंबडीला दुसरी दिसणार नाही अशा मांडा. पाण्याचंही तसंच. एक भांडं म्हणजे एकच नाका, तिथे काळी उभी राहिली की नवी दिवसभर तहानलेली. आवारात कोंडी होईल असे कोपरे ठेवू नका. जुनी पाटी, उभी फळी, तुटकं टेबल असं काहीबाही मधे टाका, म्हणजे नजरेआड व्हायला आडोसा मिळतो. गृहिणी म्हणतील परसाचा भंगारखाना केलात, पण महिनाभर सोसायला सांगा. खुराड्यात प्रत्येकीला किमान दोन चौरस फूट, दांडीवर वीस-पंचवीस सेंटिमीटर जागा हवी. दांड्या एकाच उंचीवर लावा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी निवडणूक. कोबीचा एक गड्डा दोरीने चोचीच्या उंचीवर टांगून द्या. तो हलतो, निसटतो, आणि तासभर सगळ्यांना दुसरा उद्योग मिळतो.

खाद्याची एक मेख राहिली. तुमच्या जुन्या कोंबड्यांना लेअर मॅश चालू असेल तर त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. ते अंड्याच्या कवचासाठी. अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. ताटलीवर पाट्या लावून कोंबड्या वाचणार नाहीत, तेव्हा सगळ्यांनाच ग्रोअर मॅश द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना हवा त्या बरोबर शोधून खातात.

पायरी सहावी : कोंबडा

असेल तर तो नव्यांचं स्वागत पहिल्या मिनिटाला करतो. त्याच्या उदारपणावर फार विसंबू नका. दुसरा कोंबडा आणायचा विचार असेल तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक हा हिशेब ठेवा.

आजीची पद्धत

हे सगळं टाळायचा एक रस्ता आहे, तो शेवटी सांगतो, कारण पहिल्याच पानावर सांगितला असता तर पुढचं कुणी वाचलं नसतं. तुमची जुनी कोंबडी खुडूक बसून रवणीवर असेल तर तिचे एकवीस दिवस भरत आले की एक-दोन दिवसांची पिल्लं आणा. रात्री अंधारात, हात तिच्या पोटाखाली सरकवून, एकेक पिल्लू आत सोडा आणि तेवढीच अंडी बाहेर काढा. ती कुरकुरेल, पण मग पंख सैल करेल. सकाळी लवकर जाऊन बघा. एखादी आई एखादं पिल्लू नाकारते, ते लगेच काढून घ्या. चार-पाच दिवसांची झालेली पिल्लं अशी घुसवू नका, ती आईला ओळखत नाहीत आणि आईही त्यांना. जमलं तर पुढचे दोन महिने नव्यांच्या वतीने भांडायचं सगळं काम ती करते, काळीच्याही अंगावर जाते. पिल्लं कळपातच मोठी होतात, आणि तुम्हाला जाळी, डालगं, कोबी यातलं काहीच लागत नाही. मात्र ती रवणीसाठी दूर कुठे तीन आठवडे बसवली असेल, तर परतल्यावर स्वतः तिचीही जागा गेलेली असते, हे लक्षात असू द्या.

किती दिवस लागतात

दोन ते सहा आठवडे. या काळात जुन्याही अंडी कमी देतात, त्यावरून घरात कुणी नव्या कोंबडीला पांढऱ्या पायाची म्हणू लागलं तर ऐकून घ्या. नवीची पहिली अंडी लिंबाएवढी असतात, कधी कवचावर रक्ताची रेघ असते. तो रोग नव्हे. संध्याकाळी सगळ्या एका दांडीवर बसल्या आणि मधे मोकळी जागा उरली नाही, की झालं.

सहा आठवड्यांनंतरही एखादी खुराड्यामागे दडून राहत असेल, छातीचं हाड हाताला लागू लागलं असेल, तर ती या खुराड्यातली नव्हे. तिला दुसऱ्या घरी द्या, जमलं तर सोबतिणीसकट. रस्सा करायचा का, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. फक्त तिला मधे औषधं दिली असतील तर शेवटच्या डोसानंतर किती दिवस थांबायचं, हे पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय मसाला वाटायला घेऊ नका.